गणिताच्या तासिकेतील अटकळ आणि तंत्रज्ञान : छात्राध्यापकाच्या चिंतनाची दिशा

सारांश

गतिमान भूमितीच्या आज्ञावली, स्प्रेडशीट व गणकयंत्र यांमुळे गणिताच्या वर्गात आकृतिबंध शोधणे व अटकळ बांधणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. मात्र अटकळ सहज हाती आल्यामुळे तिची पारख करण्याची आणि सिद्धता शोधण्याची गरजच विद्यार्थ्यांना वाटेनाशी होण्याचा धोकाही निर्माण झाला आहे. छात्रसेवाकालात अध्यापनाचा पहिला अनुभव घेणारा छात्राध्यापक हा धोका ओळखतो की नाही, हे त्याच्या चिंतनात्मक लेखनावरून कळू शकते. प्रस्तुत लेखात तीन पाठप्रसंगांच्या आधारे अटकळ, प्रत्युदाहरण व सिद्धता यांतील संबंध स्पष्ट केला असून छात्राध्यापकाच्या चिंतनाचा रोख कोणत्या प्रश्नांकडे असावा, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : अटकळ, प्रत्युदाहरण, सिद्धता, गतिमान भूमिती, छात्रसेवाकाल, चिंतनात्मक लेखन

प्रस्तावना

गणित म्हणजे तयार सूत्रे व ती वापरून सोडवावयाची उदाहरणे, अशी समजूत घेऊन अनेक विद्यार्थी शाळेबाहेर पडतात. सूत्र कोणाला, कसे व का सुचले असेल, हा प्रश्न त्यांच्या वाट्याला क्वचितच येतो. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने मुलाच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण हे गणित शिक्षणाचे मुख्य उद्दिष्ट मानले. या उद्दिष्टाचा अर्थ असा की, विद्यार्थ्याने उत्तर काढण्याबरोबरच निरीक्षण करावे, नियम सुचवावा, तो तपासावा आणि त्याचे कारण शोधावे. या साखळीतील नियम सुचविण्याच्या टप्प्याला अटकळ असे म्हणता येईल.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने द्विवर्षीय बी.एड. अभ्यासक्रमात वीस आठवड्यांच्या छात्रसेवाकालाची तरतूद केली. त्यामुळे मोजक्या सराव पाठांपुरता मर्यादित असलेला शालेय अनुभव विस्तारला आणि चिंतनात्मक लेखनाला महत्त्व आले. तथापि हे लेखन पुष्कळदा ‘पाठ चांगला झाला, विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला, तंत्रज्ञानामुळे संकल्पना स्पष्ट झाली’ अशा ठरावीक वाक्यांतच अडकते. अशा वाक्यांतून वर्गात गणित घडले की नाही, याचा बोध होत नाही. या अनुषंगाने गणिताच्या छात्राध्यापकाने नेमके कशाचे चिंतन करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अटकळ : अर्थ व स्वरूप

काही उदाहरणांच्या निरीक्षणावरून सुचलेले, खरे असावे असे वाटणारे, परंतु अद्याप सिद्ध न झालेले सार्वत्रिक विधान म्हणजे अटकळ होय. केवळ अंदाज आणि अटकळ यांत फरक केला पाहिजे. ‘उत्तर शंभराच्या आसपास येईल’ हा अंदाज आहे. ‘कोणत्याही दोन विषम संख्यांची बेरीज सम येते’ हे विधान सिद्ध होण्यापूर्वी अटकळ असते. अटकळीत ‘कोणत्याही’, ‘नेहमी’, ‘सर्व’ असा दावा असतो. म्हणूनच एकच प्रत्युदाहरण तिला खोटे ठरविण्यास पुरेसे होते, तर हजारो अनुकूल उदाहरणे मिळूनही ती सिद्ध झाली असे म्हणता येत नाही.

जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मधील ‘हाऊ टु सॉल्व्ह इट’ व १९५४ मधील ‘मॅथेमॅटिक्स अँड प्लॉझिबल रीझनिंग’ या ग्रंथांतून अटकळ बांधणे हे गणिती विचाराचे आवश्यक अंग आहे, असे प्रतिपादन केले. इम्रे लाकाटोश यांचे ‘प्रूफ्स अँड रेफ्युटेशन्स’ हे पुस्तक १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एक शिक्षक व त्याचे विद्यार्थी यांच्या संवादातून अटकळ मांडणे, प्रत्युदाहरण सापडणे, व्याख्या नेमक्या करणे व अटकळ सुधारणे ही प्रक्रिया दाखविली आहे. गणित एका झेपेत सत्यापर्यंत पोहोचत नाही, चुका दुरुस्त करीत पुढे जाते, हा या मांडणीचा गाभा आहे.

इतिहासातील दाखले

अटकळीचे स्वरूप समजण्यासाठी गणिताचा इतिहास उपयुक्त ठरतो. फर्मा याने सतराव्या शतकात ३, ५, १७, २५७, ६५५३७ या संख्यांच्या मालिकेतील प्रत्येक संख्या मूळ असावी, अशी अटकळ केली होती. मालिकेतील पुढचीच संख्या ४२९४९६७२९७ ही ६४१ ने विभाज्य आहे, हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखविले. पुढे ऑयलरची एक अटकळही अशीच कोसळली. एखाद्या संख्येचा पाचवा घात हा पाचपेक्षा कमी संख्यांच्या पाचव्या घातांची बेरीज असू शकत नाही, असे त्याच्या १७६९ मधील अटकळीवरून निघत होते. १९६६ मध्ये लँडर व पार्किन यांनी संगणकाच्या साहाय्याने २७, ८४, ११० व १३३ या चार संख्यांच्या पाचव्या घातांची बेरीज १४४ च्या पाचव्या घाताइतकी असल्याचे दाखवून दिले.

याउलट, दोनहून मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, ही १७४२ मधील गोल्डबाखची अटकळ संगणकाने चारावर अठरा शून्ये असलेल्या संख्येपर्यंत तपासली गेली आहे. तिला एकही प्रत्युदाहरण सापडलेले नाही. तरीही गणितज्ञ तिला प्रमेय म्हणत नाहीत. चार रंगांच्या प्रमेयाची कथा आणखी वेगळी आहे. १८५२ मधील ही अटकळ १९७६ मध्ये अॅपेल व हाकेन यांनी सिद्ध केली, तेव्हा असंख्य नकाशांचा प्रश्न त्यांनी आधी मर्यादित संख्येच्या रचनांवर आणला आणि मगच त्या रचना संगणकाकडून तपासून घेतल्या.

या दाखल्यांवरून यंत्राची तीन कामे स्पष्ट होतात. ते प्रत्युदाहरण शोधून अटकळ खोटी ठरवू शकते. ते अनुकूल उदाहरणे वाढवून विश्वास दृढ करू शकते. आणि शक्यता मर्यादित असल्या तर त्या सर्व तपासून सिद्धतेत वाटा उचलू शकते. शालेय वर्गात ही तीन कामे एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो. गोंधळाचे नेमके स्वरूप पुढील तीन प्रसंगांतून दिसेल. विवेचनाच्या सोयीसाठी यातील छात्राध्यापिका व तिचा इयत्ता नववीचा वर्ग कल्पिलेला आहे.

पहिला प्रसंग : दिसते आहे, मग सिद्ध कशाला?

छात्राध्यापिका प्रोजेक्टरवर जिओजेब्रा ही आज्ञावली उघडते. मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबुर्ग विद्यापीठात २००१ च्या सुमारास विकसित करण्यास प्रारंभ केलेली ही आज्ञावली शाळांना विनामूल्य उपलब्ध आहे. तिच्यातील आकृतीचा शिरोबिंदू ओढला की आकृती बदलते, परंतु रचनेत ठरविलेले संबंध कायम राहतात. छात्राध्यापिका एक चौकोन काढते, त्याच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू घेते व ते क्रमाने जोडते. आत एक चौकोन तयार होतो. ती बाहेरच्या चौकोनाचा शिरोबिंदू ओढते. चौकोन लांबट होतो, तिरपा होतो, एक शिरोबिंदू आत ढकलल्यावर अंतर्वक्र होतो. आतील आकृती मात्र समांतरभुज चौकोनच राहते. दहा मिनिटांत संपूर्ण वर्ग हा नियम सांगतो. हा नियम व्हारिन्यों या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो व तो १७३१ मध्ये, त्याच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला.

यानंतर छात्राध्यापिका फळ्यावर पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हे शब्द लिहू लागते, तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा विचारतो, “मॅडम, सगळ्यांना दिसतंय ना, मग परत सिद्ध कशाला करायचं?” छात्राध्यापिका क्षणभर थांबते आणि म्हणते, “परीक्षेत विचारतात म्हणून.” वर्ग वही उघडून सिद्धता उतरवून घेतो. त्या सायंकाळी तिच्या रोजनिशीत ‘सर्व उद्दिष्टे साध्य झाली’ अशी नोंद होते.

त्या मुलाचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. त्या तासिकेतील तो सर्वांत गणिती प्रश्न होता. नियम खरा आहे की नाही, याबद्दल वर्गात कोणालाही शंका उरली नव्हती आणि ज्याला शंका नाही त्याला खात्रीसाठी सिद्धता देणे व्यर्थच होते. मायकेल डी व्हिलियर्स यांनी १९९० च्या सुमारास या मुद्द्याकडे लक्ष वेधले. सिद्धतेचे कार्य खात्री करून देण्यापुरते नाही. स्पष्टीकरण, नवीन शोध, ज्ञानाची सुसूत्र मांडणी व संवाद हीही तिची कार्ये आहेत. गतिमान भूमितीच्या वर्गात सिद्धतेची ओळख स्पष्टीकरण म्हणून व्हावी, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे.

येथे ते स्पष्टीकरण हाताशी आहे. चौकोनाचा एक कर्ण काढला की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि कर्ण हा दोघांचा सामाईक पाया ठरतो. नववीच्या पाठ्यपुस्तकातील मध्यबिंदूच्या प्रमेयानुसार, त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड तिसऱ्या बाजूला समांतर व तिच्या निम्मा असतो. म्हणून आतील चौकोनाच्या दोन समोरासमोरील बाजू एकाच कर्णाला समांतर व त्याच्या निम्म्या होतात. साहजिकच त्या परस्परांना समांतर व समान असतात. शिरोबिंदू कितीही ओढला तरी नियम का मोडत नाही, याचे कारण त्या न काढलेल्या कर्णात दडलेले होते. पडद्यावर कर्ण नव्हता, त्यामुळे कारण दिसले नाही.

कारण कळल्यावर नवीन अटकळी सुचतात, हे अधिक महत्त्वाचे. आतील बाजू कर्णांच्या निम्म्या असतील, तर दोन्ही कर्ण समान असता आतील आकृती समभुज चौकोन होईल. कर्ण परस्परांना लंब असतील तर ती आयत होईल. आतील आकृतीची परिमिती दोन कर्णांच्या बेरजेइतकी असेल. ‘आतील आकृती समभुज चौकोन असेल तर बाहेरील आकृती आयतच असते’ अशी चुकीची अटकळही एखादा विद्यार्थी करील. समद्विभुज समलंब चौकोन काढून त्याचा सहाध्यायी ती खोडून काढू शकेल. ‘परीक्षेत विचारतात म्हणून’ या उत्तराने हे सर्व दार बंद केले होते.

दुसरा प्रसंग : तीस, एकतीस की बत्तीस?

पुढील आठवड्यात छात्राध्यापिका वर्तुळावरील बिंदूंचा प्रश्न घेते. वर्तुळावर काही बिंदू घेऊन प्रत्येक दोन बिंदू जोडणाऱ्या सर्व जीवा काढावयाच्या आणि वर्तुळाचे किती विभाग झाले ते मोजावयाचे. एका बिंदूला १ विभाग, दोन बिंदूंना २, तीनला ४, चारला ८ व पाचला १६ विभाग मिळतात. वर्ग एकमुखाने सांगतो की, सहा बिंदूंना ३२ विभाग होतील.

विद्यार्थी वहीत सहा बिंदू घेऊन मोजतात. काहींना ३० विभाग मिळतात, काहींना ३१. पण वर्गातील बहुतेक जण आपलेच मोजणे चुकले असे मानून वहीत ३२ लिहितात. एक मुलगी मात्र ३१ वर अडून बसते. छात्राध्यापिकेच्या पाठ टाचणात या क्षणासाठी काही लिहिलेले नाही, कारण टाचण लिहिताना तिनेही उत्तर ३२ च गृहीत धरले होते. ती मुलीला पुन्हा मोजावयास सांगते आणि घंटा होते.

घरी जिओजेब्रावर आकृती काढल्यानंतर तिला कोडे उलगडते. सहा बिंदू समान अंतरावर असले, म्हणजे सुसम षट्कोन झाला, की तीन मोठ्या जीवा केंद्रात एकाच बिंदूत मिळतात आणि ३० विभाग होतात. एक बिंदू किंचित सरकविला की केंद्राजवळ एक चिमुकला त्रिकोण उघडतो. आकृती मोठी करून पाहिल्याशिवाय तो डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा विभाग ३१ होतात. ३२ कधीच होत नाहीत. अडून बसलेली मुलगी बरोबर होती आणि ३० म्हणणाऱ्या मुलांनीही आपल्या आकृतीत अचूक मोजले होते. चुकले होते ते वहीतले पाहून न लिहिता क्रम पाहून लिहिणारे.

यामागील कारणही नववीच्या आवाक्यातील आहे. जीवा एकेक करून काढल्या, तर प्रत्येक नवीन जीवा आधीच्या जितक्या जीवांना छेदते त्याहून एक अधिक तुकडे तिचे होतात आणि प्रत्येक तुकडा एका विभागाचे दोन करतो. म्हणून एकाच छेदनबिंदूतून तीन जीवा जात नसतील, तर विभागांची एकूण संख्या १ अधिक जीवांची संख्या अधिक छेदनबिंदूंची संख्या इतकी येते. वर्तुळावरील प्रत्येक चार बिंदूंमुळे वर्तुळाच्या आत एकच छेदनबिंदू मिळतो. पाच बिंदूंसाठी १ + १० + ५ = १६, सहा बिंदूंसाठी १ + १५ + १५ = ३१ आणि सात बिंदूंसाठी १ + २१ + ३५ = ५७. दुपटीचा नियम केवळ पाचपर्यंतच जुळला.

या प्रसंगात तंत्रज्ञानाने पहिल्या प्रसंगाच्या नेमके उलट काम केले. तेथे बिंदू ओढल्याने विश्वास दृढ झाला. येथे बिंदू ओढल्याने आकृतीतील खास परिस्थिती उघड झाली. आज्ञावली तीच, हालचालही तीच. मात्र शोधणाऱ्याच्या मनातील प्रश्न वेगळा होता. म्हणून ‘तंत्रज्ञान वापरले’ एवढी नोंद अपुरी ठरते. ते कोणत्या प्रश्नासाठी वापरले, हे नोंदविणे आवश्यक असते.

पडद्यावरील मापांबाबतही अशीच सावधगिरी हवी. २२/७ व पाय ही दोन्ही मूल्ये दोन दशांश स्थळांपर्यंत ३.१४ अशी दिसतात. ३५५/११३ व पाय ही मूल्ये तर सहा दशांश स्थळांपर्यंतही ३.१४१५९३ अशी एकसारखीच दिसतात. तरीही ती समान नाहीत. दोन लांबी पडद्यावर सारख्या दिसल्या म्हणून त्या समान आहेत, असा निष्कर्ष काढता येत नाही.

तिसरा प्रसंग : देवळालीच्या शिक्षकाची संख्या

नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत गणित शिकविणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४० च्या दशकात ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिल्यानंतर त्यांचे कार्य जगभरातील वाचकांपर्यंत पोहोचले. छात्राध्यापिकेने आपल्या तिसऱ्या पाठासाठी हीच संख्या निवडली.

सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७, नंतर ८७३० − ०३७८ = ८३५२ आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४ असे उत्तर पुन्हा पुन्हा येते. विद्यार्थी गणकयंत्रावर आपापल्या संख्या तपासतात आणि नेहमी ६१७४ च येते, अशी अटकळ मांडतात.

तेवढ्यात एक विद्यार्थी २१११ ही संख्या घेऊन उभा राहतो. त्याचे उत्तर २१११ − १११२ = ९९९ आले आहे; ९९९ चे अंक उलटसुलट केले तरी ९९९ च राहते आणि वजाबाकी शून्य येते. अटकळ मोडली, असे तो जाहीर करतो. मागील प्रसंगातून काही शिकलेली छात्राध्यापिका या वेळी ‘पुन्हा करून बघ’ असे म्हणत नाही. ती त्याची रीत फळ्यावर लिहिते आणि हे प्रत्युदाहरण मानावे का, असा प्रश्न वर्गापुढे ठेवते. चर्चेतून निघते की, उत्तर ०९९९ असे चार अंकी लिहिले तर ९९९० − ०९९९ = ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४ येते. गणकयंत्राने पुढचे शून्य दाखविले नव्हते. नियमात ‘आवश्यक तेथे आधी शून्य लिहून चार अंक कायम ठेवावेत’ ही अट वर्ग स्वतःच घालतो. लाकाटोश यांनी वर्णिलेली व्याख्या नेमकी करण्याची प्रक्रिया येथे एका शाळेच्या फळ्यावर घडते.

आता ‘नेहमी’ची खात्री कशी करावी? ०००० ते ९९९९ या दहा हजारांतून सर्व अंक समान असलेल्या दहा वगळल्या तर ९९९० संख्या उरतात. स्प्रेडशीटने त्या सर्व तपासता येतात आणि शक्यता मर्यादित असल्यामुळे ही तपासणी पूर्ण सिद्धताच ठरते. गोल्डबाखच्या अटकळीत हे शक्य नाही, येथे आहे. हा फरक वर्गात स्पष्टपणे सांगितला पाहिजे.

तथापि थोडा विचार केल्यास यंत्राची गरजही उरत नाही. उतरत्या क्रमातील अंक अ, ब, क, ड असे मानल्यास वजाबाकीचे उत्तर ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) इतके येते. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर मूळ अंकांना महत्त्व राहत नाही, केवळ दोन फरकांना राहते. पहिला फरक १ ते ९ असू शकतो आणि दुसरा ० पासून पहिल्या फरकापर्यंत. अशा जोड्या केवळ ५४ होतात. ५४ उदाहरणे एका वर्गातील विद्यार्थ्यांत वाटून दिली तर एका तासिकेत, कागद व पेन्सिल एवढ्यावरच प्रमेय पूर्ण सिद्ध होते. कोणत्याही संख्येला सातपेक्षा अधिक पायऱ्या लागत नाहीत, हेही त्याच वेळी कळते. ९९९० वरून ५४ वर आणण्याचे काम यंत्राने केले नाही; ते एका बैजिक राशीने केले. तीन अंकी संख्यांसाठी ४९५ ही अशीच संख्या मिळते. दोन अंकी संख्यांत मात्र ०९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरत राहते. हा पुढचा शोध गृहपाठ म्हणून देता येतो.

चिंतनात्मक लेखनाची दिशा

डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मधील ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या ग्रंथात कृतीच्या वेळी होणारे चिंतन व कृतीनंतरचे चिंतन असा भेद केला. वरील प्रसंगांत हा भेद स्पष्ट दिसतो. दुसऱ्या प्रसंगात छात्राध्यापिकेला कोडे घरी उलगडले, तर तिसऱ्या प्रसंगात तिने वर्गातच निर्णय बदलला. कृतीनंतरचे प्रामाणिक लेखन हीच कृतीच्या वेळच्या चिंतनाची तयारी असते.

असे लेखन घडण्यासाठी छात्राध्यापकाने प्रत्येक पाठानंतर पुढील प्रश्नांची उत्तरे शोधावीत.

१) आज वर्गात कोणत्या अटकळी मांडल्या गेल्या? त्या शक्यतो विद्यार्थ्यांच्याच शब्दांत लिहाव्यात.
२) चुकीच्या किंवा अनपेक्षित अटकळीचे काय झाले? ती तपासली गेली, दुर्लक्षिली गेली की शिक्षकाने खोडून काढली?
३) तंत्रज्ञान कोणत्या कामासाठी वापरले : नियम सुचण्यासाठी, प्रत्युदाहरण शोधण्यासाठी की सर्व शक्यता तपासण्यासाठी?
४) ‘नेहमी असेच होईल का?’ आणि ‘असे का होते?’ हे प्रश्न कोणी विचारले?
५) पडद्यावर न दिसलेली कोणती गोष्ट कारण समजण्यासाठी आवश्यक होती?
६) छात्राध्यापकाला स्वतःला पाठापूर्वी काय ठाऊक नव्हते?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण त्याचे उत्तर मूल्यमापन करणाऱ्या प्राध्यापकाच्या हाती जाते. दुसऱ्या प्रसंगानंतर ‘उत्तर ३२ आहे असे मीही धरून चालले होते, एका मुलीचे बरोबर उत्तर मी परत पाठवले’ असे लिहिणाऱ्या छात्राध्यापिकेचे गुण कमी होणार असतील, तर ती पुन्हा कधीही असे लिहिणार नाही. पाठ निरीक्षण तक्त्यात प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, फलकलेखन, प्रश्नकौशल्य असे स्तंभ असतात. विद्यार्थ्याच्या अटकळीचे पुढे काय झाले, यासाठी स्तंभ नसतो. त्यामुळे ठरलेल्या वेळेत ठरलेले उत्तर मिळविणारा पाठ यशस्वी दिसतो व अनपेक्षित अटकळीपाशी थांबलेला पाठ अपूर्ण दिसतो. अटकळींना वाव देण्याची अपेक्षा छात्राध्यापकाकडून करावयाची असेल, तर निरीक्षण तक्त्यात व गुणदानात तिला स्थान देण्याची जबाबदारी अध्यापक महाविद्यालयाकडे जाते.

काही मर्यादा

या पद्धतीच्या अडचणीही लक्षात घेतल्या पाहिजेत. अनेक शाळांत संपूर्ण वर्गासाठी एकच प्रोजेक्टर असतो आणि वीजपुरवठा बेभरवशाचा असतो. अशा वेळी बिंदू ओढण्याचे काम केवळ शिक्षकाच्या हाती राहते व विद्यार्थी प्रेक्षक होतात. यावर उपाय म्हणून अटकळ आधी वहीत लेखी घ्यावी, प्रत्येकाची आकृती वेगळी असावी आणि पडदा नंतर उघडावा. वर्गातील पन्नास वह्यांत पन्नास वेगळे चौकोन असतात, हेही एक साधनच आहे. वेळेची अडचण खरी आहे. म्हणून प्रत्येक पाठ या रीतीने घेण्याऐवजी घटकागणिक एक तरी पाठ असा घ्यावा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यानंतर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला आहे. अशी साधने अटकळीबरोबरच सिद्धतेसारखा दिसणारा मजकूरही क्षणात देतात. तो बरोबर असू शकतो, तसाच त्यातील एखादी पायरी चुकीचीही असू शकते. त्यामुळे सिद्धता वाचून तिची प्रत्येक पायरी पारखण्याचे कौशल्य आता विद्यार्थ्याइतकेच छात्राध्यापकालाही अत्यावश्यक झाले आहे.

निष्कर्ष

तंत्रज्ञानामुळे गणिताच्या वर्गात अटकळ सुलभ झाली आहे. परंतु ती सुलभ झाल्यामुळे शिक्षकाचे काम कमी झालेले नाही. ते अटकळ मिळविण्याकडून अटकळ पारखण्याकडे सरकले आहे. नियम खरा दिसतो येथे पाठ संपविणे म्हणजे गणित सुरू होण्याच्या ठिकाणीच थांबणे होय. छात्राध्यापकाचे चिंतन उपयुक्त ठरावयाचे असेल, तर त्याने साधनांच्या यादीपेक्षा विद्यार्थ्यांच्या अटकळींचा प्रवास नोंदविला पाहिजे.

कल्पिलेल्या छात्राध्यापिकेच्या रोजनिशीत पहिल्या पाठाची नोंद अद्याप ‘सर्व उद्दिष्टे साध्य झाली’ अशीच आहे. तिसऱ्या पाठानंतर तिने त्या नोंदीखाली मागच्या बाकावरील मुलाचा प्रश्न लिहून ठेवला आणि पुढील पाठाच्या टाचणात पहिल्या ओळीत कर्ण काढण्याची सूचना केली. एका छात्रसेवाकालातून एवढे साधले, तरी ते थोडे नाही.